दाखवायला आलोत

पहाटे साडेपाचला फोन वाजला तर तो गावाकडचाच, हे आता आमच्या घरात सगळ्यांना माहीत झालंय. "अक्का, निघालोत," एवढंच पलीकडून येतं. मागे जीपची घरघर आणि एखाद्या बाईचा आवाज, "तिला म्हणावं, आमचं जेवायचं काही करू नको, भाकरी बांधल्यात." मी उठते आणि कुकरला दोन वाट्या तांदूळ जास्त टाकते. भाकरी बांधलेल्या असतात हे खरं, पण पेशंटला मऊ भात लागतो. आणि सकाळी सातपासून दवाखान्याच्या बाकड्यावर बसून दुपारी तीनला परतलेल्या माणसाला गरम वरणासारखं दुसरं काही नसतं.

लातूरला राहायला येऊन आम्हाला एकवीस वर्षं झाली. माझं माहेर औसा तालुक्यात, सासर निलंगा तालुक्यात. दोन्ही गावांना लातूरमधलं हक्काचं घर म्हणजे आमचं. लग्नाच्या बस्त्याला माणसं येतात, पोरांच्या अ‍ॅडमिशनला येतात, पण सगळ्यात जास्त येतात ती दवाखान्यासाठी. दारात चप्पल काढता काढता सांगतात, "दाखवायला आलोत."

मला हा शब्द फार खरा वाटतो. मराठीत आपण डॉक्टरला दाखवतो. जे आजवर पदराखाली, धोतराच्या निरीखाली झाकून ठेवलं होतं, ते आता उघडं करायला आलोत, असं त्यात आपोआप येतं. आणि ज्या दिवसांत दाखवलेलं नसतं, त्या दिवसांसाठीही आपल्याकडे शब्द आहे. दुखणं अंगावर काढणं. ताप अंगावर काढला, दम अंगावर काढला, पोटातली कळ अंगावर काढली. आमच्या भागात हे कौतुकानंही सांगतात, "लई सोसलं बघ तिनं, कुणाला कळू दिलं नाही." लातूरच्या दवाखान्यांबद्दल लिहायचं मनात घेऊन बसले, तर माझं सगळं चित्त या अंगावर काढण्यातच अडकून राहिलं. दवाखान्यापर्यंतचा रस्ता आखूड झाला, तो कसा झाला ते मी थोडंफार पाहिलंय. त्याच्या आधीचं अंतर, स्वतःच्या चुलीपासून स्वतःच्या उंबऱ्यापर्यंतचं, ते मात्र अजून फार लांब आहे.

आमच्या आजोबांना मुतखडा झाला होता, पन्नासच्या दशकात. आजी सांगायची, रात्ररात्र जमिनीवर गडाबडा लोळायचे. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातलं बाजारपेठेचं गाव. मोठं ऑपरेशन म्हणजे सोलापूर, हैदराबाद नाहीतर मिरज. निजामाच्या राज्याचा भाग असलेल्या आमच्या मुलखाला हैदराबाद सवयीचं होतं, पण आजोबांना नेलं ते मिरजेला. वॉन्लेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ साली तिथे काढलेल्या दवाखान्याचं नाव इकडे थेट आमच्या खेड्यापर्यंत पोचलेलं होतं. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी लातूरहून निघायची. बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर करत मिरज. आजीनं सोबत ज्वारीचं पीठ, चटणी आणि एक पातेलं घेतलं होतं. पंढरपूर आलं तेव्हा तिनं खिडकीतूनच कळसाच्या दिशेला हात जोडले. खाली उतरायची सोय नव्हती, कारण आजोबांचं डोकं तिच्या मांडीवर होतं. आजोबा बरे होऊन आले आणि पुढे तीस वर्षं जगले. तो खडा आजीनं डबीत जपून ठेवला होता, सुपारीच्या अर्ध्या खांडाएवढा. लहानपणी आम्ही तो हातात घेऊन बघायचो.

तिच्या तोंडून मिरजेची गोष्ट ऐकताना मला कळायचं नाही, की ती आजाराची गोष्ट सांगतेय की गाडीची.

१९६६ साली लातुरात विवेकानंद रुग्णालय सुरू झालं. पुण्यात शस्त्रक्रियेचं शिक्षण घेतलेले डॉ. अशोक कुकडे आणि त्यांचे सोबती इकडे आले आणि इथेच राहिले. आज ही गोष्ट एका वाक्यात लिहून होते. पण त्या काळचं लातूर डोळ्यांपुढे आणा. चांगली डिग्री हातात असलेला तरुण सर्जन मुंबई-पुणे सोडून या धुळीत येतो, ही साधी गोष्ट नव्हती. कुकड्यांना २०१९ साली पद्मभूषण मिळालं तेव्हा आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी पेपरातला फोटो मला दाखवला आणि पदर बाजूला करून पोटावरचा टाक्यांचा व्रणही दाखवला. "ह्यांच्याच दवाखान्यातला." दोन्ही सारख्याच अभिमानानं.

सरकारी बाजूला आधी अंबाजोगाई आलं. स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७४ साली तिथे निघालं. औरंगाबादची घाटी, म्हणजे तिथलं सरकारी मेडिकल कॉलेज, त्याच्याही आधीची, १९५६ सालची. पण आमच्यासाठी घाटी फार लांब. माझ्या लहानपणी गावातले डॉक्टर चिठ्ठी लिहून द्यायचे ती "अंबाजोगाईला न्या" अशी. १९८२ साली लातूर जिल्हा झाला आणि २००२ साली इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. त्याच्याच सर्वोपचार रुग्णालयात आज माझी निम्मी माणसं जातात. नांदेडला १९८८ पासून मेडिकल कॉलेज आहे. नावं आणि सालं मी भराभर सांगतेय, पण यातलं एकेक साल म्हणजे कुणाच्या तरी घरातला कमी झालेला प्रवास आहे.

किल्लारीच्या भूकंपाचं मी थोडक्यातच लिहिते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे तीन छप्पन्न. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं. मी तेरा वर्षांची होते. आमचं घर उभं राहिलं, एक भिंत गेली. उजाडताना रस्त्यानं जीपा, टेम्पो, ट्रॅक्टर लातूरच्या दिशेनं जाताना पाहिले, माणसांनी भरलेले. सगळ्यांच्या अंगावर पांढरी माती होती, जिवंत कोण ते कळत नव्हतं. आठ हजारांच्या घरात माणसं गेली. त्या दिवसापासून आमच्या पिढीसाठी लातूर आणि दवाखाना हे शब्द एकमेकांना चिकटले ते चिकटलेच.

आता लातुरात दवाखान्यांची वाण नाही. हृदयाचं, मेंदूचं, हाडांचं, लहान मुलांचं, सगळं आहे. एखाद्या रस्त्यावर तर एका बाजूला क्लासेसच्या पाट्या आणि दुसऱ्या बाजूला हॉस्पिटलच्या. डॉक्टरकीच्या प्रवेशाची 'नीट' परीक्षा द्यायची म्हणून अभ्यासाला राज्यभरातून पोरं इथे येतात. खोल्या करून राहतात, मेसचा डबा खातात. त्यांच्यातली कितीतरी डॉक्टर होतात. त्यातली किती जण परत एखाद्या तालुक्याच्या गावाला जाऊन बसतात, हा प्रश्न मला शाळेत शिकवताना रोज पडतो. माझ्याच वर्गातून दोन डॉक्टर झाले. दोघंही गुणी, दोघंही पुण्यात.

फोनच्या शेजारी माझी एक शंभर पानी वही असते. पुठ्ठा निघालाय, वर ब्राऊन कव्हर आहे. सुरुवातीला त्यात फक्त रक्तगट लिहिलेले होते, गल्लीतले, शाळेतले, मामेभावांचे. पुढे भर पडत गेली. "सोनोग्राफीला पाणी पिऊन, लघवी धरून जाणे. पोटाची असेल तर उपाशी." "शुगरची गोळी घेऊन उपाशी बसवू नये, आधी विचारणे." "रेशनकार्ड आणि आधार, दोन्हीवर नाव एकच आहे का बघणे." ही शेवटची ओळ आमच्या काकांमुळे आली. छातीत दुखायला लागलं म्हणून त्यांना आणलं, अँजिओग्राफीत दोन ब्लॉक निघाले. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसवायचं तर काउंटरवरच्या आरोग्यमित्रानं कागद बघितले. रेशनकार्डावर काकांचं नाव एक आणि आधारवर दुसरंच. घरात सगळे त्यांना ज्या नावानं हाक मारायचे तेच तलाठ्यानं कधीकाळी रेशनकार्डावर लिहून टाकलं होतं. काकू म्हणाली, "माणूस तर एकच हाय की." त्या पोरानं मात्र वैताग केला नाही. काय काय आणायचं ते कागदावर नीट लिहून दिलं, चुलतभाऊ मोटरसायकलवर गावाला जाऊन सरपंचाचा आणि शाळेचा दाखला घेऊन आला, दुसऱ्या दिवशी मंजुरी आली. स्टेंट पडले. पैसा लागला तो फक्त आमच्या येण्याजाण्याला.

ही योजना जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात मराठवाड्यातला एकटा नांदेड होता. पुढे ती राज्यभर झाली आणि २०१७ साली तिचं नाव बदललं. आधी कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार मिळायचे, आता मर्यादा पाच लाखांवर गेली. ज्या घरात आजारपण आलं की आधी बैल आणि मग जमीन विकायची पाळी यायची, त्या घरातली मी आहे. या योजनेत त्रुटी असतील, त्यावर बोलायलाच हवं. पण काकांची दीड एकर त्यांच्या नावावर राहिली ती तिच्यामुळे, हेही मला सांगायलाच हवं.

वहीत आणखी एक ओळ आहे. "एमआरआय. जोडवी घरीच काढणे." माझ्या चुलत सासूबाईंची कंबर दाखवायची होती. आमचा नंबर आला, आतल्या मुलीनं सांगितलं, अंगावर कसलाही धातू चालत नाही. मंगळसूत्र काढलं, बुगड्या काढल्या. जोडवी निघेनात. लग्नापासून, म्हणजे बेचाळीस वर्षं, ती बोटांतच होती. बोटं सुजून त्यांच्याभोवती वाढली होती. मी बेसिनवरचा साबण आणला, फरशीवर बसले, त्यांचा पाय मांडीवर घेतला. सासूबाई सारख्या पाय ओढून घ्यायच्या, "सुनेनं पायाला हात लावू न्हाई, मी काढते." साबण लावून, दोरा गुंडाळून, हळूहळू फिरवत एकेक काढलं. खाली कातडी पांढरीफटक, ओलसर, लहान बाळाच्या कातडीसारखी. सगळं पाऊल भेगांनी काळं झालेलं आणि तेवढीच एक गोल रेघ कोवळी. त्यांनी त्या रेघेवर बोट ठेवलं आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "कंबर तर धा वर्सं दुखायलंय."

धा वर्सं. मी त्या दिवशी घरी येऊन ते वहीत लिहिलं.

२०१६ चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. मांजरा धरण आटलं. पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणं होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये जमावबंदी लावावी लागली. घरी पाणी नसलं की काय होतं ते सगळ्यांनी सांगितलं, छापलं. मला त्या वर्षी कळलं ते दवाखान्याला पाणी नसलं की काय होतं ते. आमच्या शेजारच्या काकांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असायचं. चार तासांच्या एका डायलिसिसला मशीनमधून साधारण १२० लिटर शुद्ध पाणी जातं, आणि तेवढं शुद्ध करताना आणखी पाणी वाया जातं ते वेगळं. मिनिटाला अर्धा लिटर, रक्ताच्या शेजारून, बारीक पडद्याच्या पलीकडून वाहत राहतं आणि रक्तातली घाण घेऊन जातं. म्हणजे आम्ही सात माणसं जेवढ्या पाण्यात दोन दिवस काढायचो, तेवढं या एका माणसाला एका खेपेला लागायचं. काकांना ते कुणीतरी समजावून सांगितलं, त्या दिवसापासून ते घरी प्यायचं पाणीसुद्धा संकोचानं मागायचे. आम्ही त्यांना किती सांगितलं, की तुमचं पाणी दवाखाना टँकरनं घेतो, आमच्या वाटचं नाही. त्यांना ते पटायचं नाही.

आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा टाक्या, पाच लाख लिटर. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. रूळ आता मोठे झालेत, रस्ता तोच. माझ्या आजीनं आजोबांचं डोकं मांडीवर घेऊन जो रस्ता जाताना काढला, त्याच रस्त्यानं मिरजेनं आम्हाला पाणी पाठवलं. आजी असती तर तिला मी स्टेशनवर घेऊन गेले असते.

आता मोठीमायबद्दल लिहिते. आतापर्यंत टाळत आले.

मोठीमाय म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची बायको. चौदा माणसांचं घर तिच्या हातावर चालायचं. उंच, रुंद कपाळ, आवाज असा की वावराच्या एका बांधावरून हाक मारली तर दुसऱ्या बांधावरचा गडी वर बघायचा. २००० सालच्या दिवाळीत मी सुट्टीला घरी गेले, वीस वर्षांची होते. तिच्यात काहीतरी बदललं होतं. ती आमच्यात बसेना. जेवायला वाढून लांब उंबऱ्याजवळ जाऊन बसायची. रात्री सगळे झोपल्यावर न्हाणीत पाण्याचा आवाज यायचा. मला वाटलं, वय झालं, झोप येत नसेल.

येळवस आली. लातूर-धाराशिवकडच्या माणसाला येळवस सांगावी लागत नाही. मार्गशीर्षातली अमावस्या, गावं ओस पडतात, सगळे शेतात. ज्वारीच्या कोपीत पांडव मांडायचे, भज्जी, उंडे, आंबील. आंबिलाचा माठ डोक्यावर घेऊन शेतात जायचा मान घरातल्या कर्त्या बाईचा. त्या वर्षी मोठीमाय माठ घेऊन दोन किलोमीटर चालत गेली. मी तिच्या मागून चालले होते. तिच्या टाचेवर एक लाल ओघळ उतरलेला दिसला. मी म्हटलं, "मोठीमाय, काटा लागला का गं?" ती म्हणाली, "हो, लागला. चल पुढं."

पाळी जाऊन चार वर्षं झाली होती आणि आठ महिन्यांपासून पुन्हा अंगावरून जायला लागलं होतं. रात्री फडकी धुवायची, गोठ्यामागं वाळवायची, वर जुनं लुगडं टाकायची. वास येतो असं वाटून आमच्यापासून लांब बसायची. जानेवारीत तिला चक्कर येऊन ती पडली तेव्हा सगळं उघड झालं. लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, बाहेर येऊन मोठ्या चुलत्यांना विचारलं, "इतके दिवस काय करत होतात?" चुलते काहीच बोलले नाहीत. त्यांना खरंच माहीत नव्हतं. तीस वर्षांच्या संसारात हे सांगायला शब्दच तयार झाला नव्हता. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, तिसरी पायरी.

बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलमध्ये तिला शेक दिले, म्हणजे रेडिएशन. मी बी.ए.चं वर्ष तसंच ठेवून तिच्याबरोबर राहिले. तिनं एकदा मला सांगितलं. आधी म्हटलं सोयाबीन निघू दे. मग म्हटलं दिवाळी होऊ दे, पोरी येतील. मग येळवस. "एवढी येळवस झाली की दाखवते म्हणलं होतं मनात." नोव्हेंबर २००१ मध्ये ती गेली. चोपन्न वर्षांची होती.

यानंतरची गोष्ट मला फार उशिरा कळली, आणि कळली तेव्हा मी कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. ज्या महिन्यांत मोठीमाय रात्री फडकी धूत होती, त्याच महिन्यांत आमच्या गावापासून काही कोसांवर, शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या त्याच दवाखान्याची माणसं टाटा मेमोरियलच्या आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या सोबतीनं गावोगाव फिरत होती. १९९९ ते २००३. गावांचे ५२ गट, तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायका. काही गावांत हा कॅन्सर ज्याच्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, काही गावांत पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशी घेऊन तपासणं, काही गावांत नुसतं पातळ केलेलं अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड गर्भाशयाच्या तोंडाला लावून बघायचं. लोणच्यातल्या व्हिनेगरमध्ये असतं तेच हे अ‍ॅसिड. मिनिटभर थांबायचं. बिघडलेली जागा पांढरी दिसते. २००९ साली निष्कर्ष छापून आले. आयुष्यात एकदा, फक्त एकदा एचपीव्हीची चाचणी केलेल्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू निम्म्यावर आले होते. साऱ्या जगातले डॉक्टर आज हा अभ्यास वाचतात. तो आमच्या शेजारच्याच जिल्ह्यातल्या बायकांच्या अंगावर झालेला आहे, आणि आमच्या बायकांनाच तो माहीत नाही.

एक गट तुलनेसाठी होता. त्या गावांत चाचणी झाली नाही, नेहमीचे उपचार उपलब्ध आहेत एवढी माहिती दिली गेली. यावर पुढे बराच वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. त्या गटातल्या ज्या चौसष्ट बायका या कॅन्सरनं गेल्या, त्या मला मोठीमायसारख्याच दिसतात, माठ घेऊन पुढे चालणाऱ्या.

माझी मामी त्या जिल्ह्यातली. तिला विचारलं तर म्हणाली, "आली होती की गाडी. नर्सबाई घरी येऊन बोलावून गेली. सासूबाई म्हणल्या, कायबी झालं नसताना कशाला दाखवायचं? मी शेजारणीसंगं गेले." मामी आज अडुसष्ट वर्षांची आहे.

आता याच्या अगदी उलटी गोष्ट. माझी चुलतवहिनी, बत्तीस वर्षांची, बीडकडची. तिला पांढरं जायचं, ओटीपोटात दुखायचं. एका खाजगी दवाखान्यात दाखवलं. तिथे सोनोग्राफी करून सांगितलं, पिशवी खराब झालीय, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. तारीखसुद्धा दिली. तिचा फोन आला तेव्हा तिनं हातातल्या पाटल्या मोडायचं ठरवलेलंही होतं. मी म्हटलं, तू आधी इकडे ये. लातूरला दुसऱ्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. जंतुसंसर्ग होता. दोघांना गोळ्या दिल्या, तिला आणि भावाला. तीन आठवड्यांत बरं वाटलं. पिशवी शाबूत आहे, पाटल्याही.

तिच्या गावात मात्र निम्म्या ओळखीच्या बायकांची पिशवी काढलेली होती. ऊसतोडीला कोयत्यानं जायचं म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमाकडून उचल घेतलेली. एक दिवस पडलं तर खाडा, त्याचे पैसे कापणार. फडात आडोसा नाही, पाणी नाही. अशा ठिकाणी पाळी आणि पांढरं जाणं ही कटकट वाटणारच. आणि ती कटकट कायमची मिटवून देतो म्हणणारा कुणी भेटला की बाई कर्ज काढून ऑपरेशन करून घेते. २०१९ साली सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. दर सहा जणींमागे एक. कॅन्सरच्या नावानं भीती घालायची, आणि कॅन्सर शोधायची मिनिटभराची तपासणी मात्र करायची नाही. मला याचा संताप येतो, अजून येतो.

म्हणून मी माझ्या परीनं एक गोष्ट करते. पहाटे फोन येतो, पेशंट येतो, बहुतेक वेळा पुरुष असतो, सोबत बायको किंवा सून असते. पुरुषाचं दाखवून झालं, गोळ्या घेऊन झाल्या, जेवणं झाली की मी त्या बाईला स्वयंपाकघरात घेते आणि विचारते, "तुझं काय?" आधी हसते. "मला काय धाड भरलीय." मग भांडी विसळता विसळता एकेक बाहेर येतं. गाठ आहे, अंग बाहेर येतंय, लघवीला आग होती, दोन वर्षं झाली. गावातल्या आशाताईला सांगितलं का म्हटलं तर, "ती भावकीतली हाय ना, कसं सांगावं?" मग त्यांची परतीची गाडी चुकवायची आणि दुसऱ्या दिवशी सर्वोपचारच्या ओपीडीत तिचा केसपेपर काढायचा. पुरुष कुरकुरतात. जनावरं आहेत, दूध आहे, खोळंबा होतो. माझा नवरा त्यांना घेऊन ओट्यावर बसतो आणि पावसापाण्याच्या गोष्टी काढतो.

मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. लोकांनी त्यावर काय काय म्हटलं. मी माझ्या दारात पाहिलं ते सांगते. जीपभर माणसं घेऊन येणाऱ्या बायका आता कधीकधी दोघी-दोघी येतात. सोबत गडी नसतो.

मागच्या पंधरवड्यात फोन न करताच बेल वाजली. सकाळचे नऊ. दारात गावाकडची धोंडूकाकू, पासष्टीची. एकटी. हातात वायरची पिशवी, त्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली कागदं, आमच्यासाठी शेपूची जुडी. मी मागे बघितलं, अजून कोण आहे म्हणून.

"कुणी न्हाई. मीच आलेव," काकू म्हणाली. "घरी सांगितलं तुझ्याकडं चाललेव म्हणून. बाईडॉक्टर हाय ना आज?"

"आहेत. काय झालंय काकू?"

तिनं पायऱ्यांकडे एकदा वळून पाहिलं. चप्पल काढली, आत आली, दार स्वतः लोटलं.

"दोन दिस झालं, अंगावरून जायलंय," ती म्हणाली. "दोनच दिस."